कारभारी चांगला, म्हणून धनी चांगला?

पौष पौर्णिमेला आमच्या म्हशाची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, टोपल्या, पाळणे, धूळ आणि माणसंच माणसं. घरोघरी पाहुणे येतात. पण यात्रेच्या आधीच्या आठवड्यात माझं मन दरवर्षी दुसरीकडेच असतं. पौष शुद्ध अष्टमी ही पानिपतची तिथी, शके १६८२. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. म्हणजे पौर्णिमेच्या आधी बरोबर एक आठवडा. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला अशा तिथ्या चिकटून बसतात, त्याला इलाज नाही.

यंदा नेमक्या त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती स्वतः शिक्षिका आहे. गेली आठ वर्षं एका शाळेत पर्यवेक्षिका. तिचं वेळापत्रक, परीक्षांची बैठकव्यवस्था, बदली तासांची वही... सगळं नजर लागेल असं चोख, हे मी चार लोकांकडून ऐकून होतो. तिचे मुख्याध्यापक येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत आणि संस्थेने तिला विचारलं आहे.

"सर, घेऊ का हो ते पद? तुम्ही दोन्ही खुर्च्यांवर बसलेले आहात."

आमच्या सौ. आतूनच म्हणाल्या, "अगं, विचारतेस काय? घे की!" मी मात्र म्हटलं, विचार करून सांगतो. त्यावर ती हसली. "सर, तुम्ही वर्गातही असंच म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहून आणायचात."

तर मंडळी, ही ती दोन पानं. लिहिली आहेत तिच्यासाठी, पण तुम्हीही वाचा.

प्रश्न साधा आहे. दुसऱ्या क्रमांकावर राहून उत्तम काम करणारा माणूस पहिल्या क्रमांकावर गेला की तितकंच उत्तम काम करतो का? आपल्याकडे सगळ्या बढत्या याच समजुतीवर होतात. क्लार्क चांगला म्हणून हेडक्लार्क, हेडक्लार्क चांगला म्हणून अधीक्षक. पेशवाईचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत आलं आहे की या प्रश्नाचं उत्तर तिथे फार मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. फक्त ते एका वाक्याचं नाही.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. १७३७ साली ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि मे १७३९ मध्ये वसई घेतली, ती चिमाजी अप्पांनी. (वसई आता पालघर जिल्ह्यात. २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती.) चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कसा असावा याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. थोरला भाऊ उत्तरेत घोडी फेकतोय, आणि धाकटा इकडे पुण्याचा कारभार, साताऱ्याच्या छत्रपतींचा दरबार, पैशाची तोंडमिळवणी आणि कोकणातली मोहीम असं सगळं सांभाळतोय. बाजीराव गेले एप्रिल १७४० मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. त्यामुळे एकट्याने सगळ्यांच्या वर बसायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नाही. ती आली त्यांच्या मुलावर. तो मुलगा म्हणजे सदाशिवराव भाऊ.

भाऊंचा जन्म १७३० चा. आई तान्हेपणीच गेली, वडील दहाव्या वर्षी. आजी राधाबाईंनी वाढवलं. १७४६-४७ मध्ये कर्नाटकची मोहीम करून आले आणि १७५० च्या सुमारास चुलतभाऊ नानासाहेब पेशव्यांचे कारभारी झाले. पुढची दहा वर्षं पेशव्यांच्या दौलतीचा हिशेब या माणसाच्या हातात होता. हिशेबाला कडक, कामाला वाघ. रघुनाथराव १७५८ मध्ये लाहोरपर्यंत जाऊन आले, अटकेपार झेंडे लागले. पण येताना त्यांनी कर्ज आणलं. ऐंशी लाखांचा आकडा सांगितला जातो. तेव्हा "एवढा मुलूख जिंकला, मग पैसा कुठे?" असं विचारणारे भाऊच होते. असं विचारणारा माणूस कुठल्याही कचेरीत नकोसा असतो आणि कचेरी चालते ती त्याच्याच जिवावर!

मग ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीर. निजामाचा सडकून पराभव. इब्राहिमखान गारदी नुकताच भाऊंनी आपल्याकडे घेतला होता, त्याच्या तोफांनी काम केलं. साठ लाखांच्या आसपासचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मिळाला. भाऊ तेव्हा तीस वर्षांचेही नव्हते. तिकडे जानेवारीतच दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी आली आणि अब्दालीवर कुणाला पाठवायचं हा प्रश्न उभा राहिला. रघुनाथरावांना उत्तर माहीत होती, पण हिशेब जमत नव्हता. भाऊंना हिशेब जमत होता आणि उदगीरचा गुलाल अंगावर ताजा होता. नानासाहेबांनी भाऊंना निवडलं. मार्च १७६० मध्ये परतूडहून फौज निघाली.

त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काही केलं असतं का? मला नाही वाटत. निवड चुकीची नव्हती. पण उदगीरला भाऊंनी जे काम केलं आणि पानिपतला जे काम त्यांच्यावर पडलं, ती दोन वेगळी कामं होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

उदगीरला शत्रू ओळखीचा, मुलूख ओळखीचा, पुणे जवळ. मुख्य म्हणजे मागे नानासाहेब. पैसा कुठून आणायचा, कुठला सरदार रुसला, कुणाला काय कबूल करायचं, ही ओझी त्यांच्या डोक्यावर. भाऊंनी फक्त लढाई लढायची.

पानिपत पुण्यापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटरवर. नावाला मोहिमेचे मुख्य विश्वासराव, वय सतरा-अठरा. (गंमत बघा, कागदावर भाऊ तिथेही दोन नंबरचेच!) पण खरा भार सगळा भाऊंवर. तोफेशिवाय निभाव नाही म्हणणारा इब्राहिमखान आणि गनिमी काव्यावर केस पांढरे झालेले मल्हारराव होळकर, या दोघांना एका दावणीला बांधायचं. सूरजमल जाटाने सांगून पाहिलं, की बायकामुलं, जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा आणि सडे होऊन लढा. ते जमलं नाही आणि दिल्लीनंतर सूरजमल निघून गेला. अयोध्येचा शुजाउद्दौला जुलैमध्येच अब्दालीला मिळाला होता. राजपूत अलिप्त राहिले. दिल्ली ऑगस्टमध्ये हातात आली, पण खजिना रिकामा. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली.

आता यात लढाईचा प्रश्न किती आणि माणसांचा व पैशाचा किती, ते तुम्हीच मोजा. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला, तिथे भाऊंच्या रणकौशल्याला नाव ठेवायला जागा नाही. त्यांना आखून दिलेलं काम दिलं की ते उत्तमच करत. मग अब्दाली यमुना उतरून आला, फौज पानिपतला अडकली आणि अडीच महिने कोंडी झाली. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. उपाशी माणसांचा एवढा मोठा तळ अडीच महिने मोडू न देणं, ही काय लहान गोष्ट आहे?

म्हणून "भाऊ गर्विष्ठ होते, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही" या एका वाक्यात पानिपत उरकून टाकणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. मीसुद्धा वर्गात पहिली दहा वर्षं तसंच शिकवलं, हे कबूल करतो. नंतर शेजवलकर वाचले. त्यांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत पानिपतवर लिहिलं आणि भाऊंची बाजू हिरिरीने मांडली. ते वाचून मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागावीशी वाटली.

माझ्या मते खरी गोम आणखी एका ठिकाणी आहे. भाऊ दिल्लीला गेले, तेव्हा पुण्यात भाऊच राहिले नव्हते! दहा वर्षं ज्याने दौलतीचा पैसा हलता ठेवला, तोच माणूस आता दीड हजार किलोमीटरवरून पैशाची वाट पाहत होता. त्याच्या जागी त्याच्यासारखा कुणी नव्हता. आणि ज्यांनी धन्याचं काम करायचं, ते नानासाहेब आजारी, मंदावलेले. डिसेंबर १७६० मध्ये पैठणला त्यांचं दुसरं लग्न झालं. ते उत्तरेकडे निघाले खरे, पण भिलशाला पोचले तेव्हा समोरून बातमीच आली. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर ते गेले. दोन नंबरच्या माणसाला वर काढताना नुकसान दोन प्रकारे होऊ शकतं. एक, तो वरचं काम शिकलेला नसतो. दोन, त्याचं खालचं काम करणारा कुणी राहत नाही. पानिपतला दोन्ही झालं.

आता थोडं स्वतःबद्दल. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण विद्यार्थिनीने विचारलंय, तर लपवून कसं चालेल?

मी एका शाळेत नऊ वर्षं पर्यवेक्षक होतो. (शाळेचं नाव सांगत नाही.) आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक दिवसातला निम्मा वेळ एस.टी. स्टँडवरच्या टपरीवर चहा पीत बसलेले असायचे. वेळापत्रक मी करायचो, परीक्षा मी घ्यायचो, बोर्डाचे फॉर्म मी तपासायचो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, "शाळा तुम्हीच चालवता." मलाही ते मनातून पटलेलं होतं. २००३ च्या जूनमध्ये सर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या खुर्चीवर बसलो.

त्या वर्षी वेळापत्रक मी स्वतःच केलं. दुसरा कुणी केला तर गोंधळ घालील, असं वाटायचं. इतकं सुंदर वेळापत्रक मी जन्मात केलं नव्हतं. एकाही शिक्षकाचे दोन तास एकावर एक आले नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा उघडली. पहिल्या आठवड्यात हजेरीपट पाहिला. कातकरी वाड्यांवरची चौदा मुलं गायब. आपल्याकडे हे नवं नाही. दिवाळी झाली की वीटभट्ट्या सुरू होतात, आईबापांनी उचल आधीच घेतलेली असते, बिऱ्हाड उठतं आणि मुलं त्यांच्यामागून जातात. पण आमच्या शाळेत आधीच्या वर्षांत अशी दोन-तीनच मुलं जायची. यंदाच चौदा कशी? आमच्या शिपायाला विचारलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, मोठे सर नवरात्रापासून वाड्यांवर फिरायचे. म्हाताऱ्यांना सांगायचे, पोरांना मागं ठेवा, मी बघतो. टपरीवर त्यांना भट्टीचे मुकादम भेटायचे, कोणाच्या घरी किती उचल गेली ते तिथंच कळायचं."

मी ऐकतच राहिलो. नऊ वर्षं ज्याला मी चहा पिणं समजत होतो, ते काम होतं. वेळापत्रकात त्याला तास नव्हता, म्हणून मला ते दिसलं नव्हतं.

त्या चौदांत नववीतली एक मुलगी होती. गणितात हुशार, फळ्यावर माझी चूक दाखवायला न घाबरणारी. पावसाळ्यात बाकीची बरीच मुलं परत आली, ती आली नाही. दोन वर्षांनी यात्रेत भेटली. टोपल्या विकत होती, कडेवर मूल. "सर, वळखलं का?" म्हणाली. हसली. मी एक टोपली घेतली. ती टोपली अजून घरात आहे, तिच्यात सौ. कांदे ठेवतात.

असो. पुढच्या वर्षी मी वेळापत्रक गणिताच्या शिक्षकांकडे दिलं. पहिल्याच आठवड्यात एका वर्गावर दोन शिक्षक आणि एका वर्गावर कुणीच नाही! हात शिवशिवत होते, पण गप्प बसलो. आणि घटस्थापनेनंतर शिपायाला बरोबर घेऊन वाड्यांवर गेलो. मला ते सरांसारखं कधीच जमलं नाही, पण त्या वर्षी पाचच मुलं गेली. मला दुसरं वर्ष मिळालं. भाऊंना ते मिळालं नाही, त्यांची परीक्षा एकाच दिवसाची होती.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला मी फोनवर हे सगळं सांगत होतो, तर तो म्हणाला, मामा, इथे फुटबॉलमध्ये दरवर्षी हाच वाद असतो. त्यांचं फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचं, अंगावर चिलखत घालून. त्यात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली चढाई आखणारा एक आणि बचाव आखणारा एक असे दोन कारभारी असतात, त्यांना कोऑर्डिनेटर म्हणतात. संघ जिंकला की दुसरे संघ त्या कारभाऱ्यांना आपले मुख्य प्रशिक्षक म्हणून पळवून नेतात. नॉर्व टर्नर नावाच्या गृहस्थांनी चढाईचे कारभारी म्हणून डॅलसच्या संघाला १९९२ आणि १९९३ अशा सलग दोन हंगामांत अजिंक्यपद मिळवून दिलं. मग तीन वेगवेगळ्या संघांचे मुख्य झाले, पण अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पोचले नाहीत. दुसरे बिल बेलिचिक. न्यूयॉर्कच्या संघाचे बचावाचे कारभारी म्हणून दोन अजिंक्यपदं. १९९१ ला क्लीव्हलँडचे मुख्य झाले, पाच वर्षांत जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त, नोकरी गेली. पुढे २००० साली न्यू इंग्लंडने त्यांना घेतलं आणि तिथे त्यांनी सहा अजिंक्यपदं मिळवली. म्हणजे दोघेही उत्तम कारभारी. एकाला वरची खुर्ची मानवली नाही, दुसऱ्याला दुसऱ्या खेपेला मानवली. भाच्याला म्हटलं, अरे, ही तर आमची पेशवाईच!

कारण पानिपतनंतरची गोष्ट तर अजूनच बोलकी आहे. नानासाहेबांनंतर पेशवे झाले माधवराव. वय सोळा, अनुभव शून्य. आणि अनुभवी कोण? काका रघुनाथराव, अटकेपार गेलेले. कागदावर बघितलं तर उमेदवारीत तुलनाच नाही! पण त्या सोळा वर्षांच्या मुलाने दोनच वर्षांत, १० ऑगस्ट १७६३ ला, राक्षसभुवनवर निजामाला हरवलं, तेही ज्यांनी त्याला आदल्याच वर्षी छळलं होतं त्या काकांना बरोबर घेऊन. हिशेबाला नाना फडणवीस, न्यायाला रामशास्त्री प्रभुणे. माधवराव स्नानसंध्येत फार गुंतले, तेव्हा रामशास्त्र्यांनी काशीला जायची परवानगी मागून त्यांना शुद्धीवर आणलं, अशी गोष्ट सांगतात. पेशव्याला तोंडावर नाही म्हणणारा माणूस त्या पेशव्याने जवळ ठेवला होता, एवढं तरी त्यातून घ्यावं. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे.

आणि रघुनाथराव? ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला आणि ज्या पदासाठी आयुष्यभर जीव टाकला ते पद दादासाहेबांना मिळालं. रामशास्त्री पुणं सोडून गेले. काही महिन्यांत बारभाईंनी दादासाहेबांना एकटं पाडलं. शेवटी ६ मार्च १७७५ ला सुरतेच्या तहात त्यांनी इंग्रजांना साष्टी आणि वसई देण्याचं कबूल केलं. चिमाजी अप्पांनी, एका दोन नंबरच्या माणसाने, जे मिळवलं होतं, ते देऊन टाकायला त्यांचाच पुतण्या तयार झाला, एक नंबरवर राहता यावं म्हणून.

नाना फडणवीसांचंही सांगायला हवं. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ते पानिपतहून कसेबसे जीव वाचवून आले होते. पुढे वीस वर्षांहून जास्त काळ सगळी पेशवाई त्यांच्या बोटावर चालली, पण ते शेवटपर्यंत कारभारीच राहिले. पेशवे होता येणार नव्हतंच, ते खरं. पण महादजी शिंद्यांशी कितीही वाजलं तरी तलवारीचं काम त्यांच्याकडेच ठेवायचं, एवढं भान त्यांना होतं. आपली जागा ओळखणं हीसुद्धा अक्कलच आहे आणि तिला कमी लेखू नये.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पद घे. पण तिथे तुझी पर्यवेक्षिकेची वही घेऊन जाऊ नकोस. ती आजच कुणाला तरी द्यायला लाग, त्याच्या हातून चुका होऊ देत. तुझ्या आताच्या मुख्याध्यापकांबरोबर निवृत्तीआधी आठ दिवस हिंड. ते कुठे बसतात, कुणाशी बोलतात, कुणाच्या दाराशी उगाच थांबतात, ते बघ. तुला जे रिकामपण वाटत असेल, तिथेच काम असण्याचा संभव जास्त. आणि तुला नाही म्हणणारा एक माणूस स्टाफरूममध्ये असू दे. तो आवडणार नाही, तरी असू दे.

परवा बैलबाजारात आमचा शेजारी बैल बघायला गेला होता, मीही बरोबर होतो. दात बघितले, चाल बघितली आणि शेवटी त्याने विचारलं, "हा उजवीकडे चालतो का डावीकडे?" विकणारा म्हणाला, उजवीकडे. शेजाऱ्याला डावीकडचा हवा होता. मला वाटलं, आता सौदा मोडला. तर नाही, घेतला. म्हणाला, "चांगला आहे. सुरुवातीला ओढाओढ करील. जोडीला माझा जुना शांत बैल आहे, महिनाभरात शिकेल."

बाकी आपण बोलूच. यात्रा अजून चार दिवस आहे, येऊन जा. येताना तुझ्या वेळापत्रकाची एक प्रत आण. नुसतं बघायला, हात लावणार नाही!